पाकिटातल्या दोन छात्या

"संस्कृती सैन्यामुळे टिकत नाही, कपाटांमुळे टिकते," असं ताश्कंदचे मिर्झोहिद-अका, म्हणजे आपले मिर्झोहिददादा, स्टुलावर उभं राहून म्हणाले आणि स्टुलासकट खाली आले.

त्यांच्या कपाटात जुनी ट्रामची तिकिटं, नाटकांच्या जाहिराती, चॉकलेटचे कागद आणि ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या. सगळ्यांत लाडकी तबकडी एक्स-रेची. बंदी असलेली गाणी पूर्वी लोक दवाखान्यातल्या टाकाऊ एक्स-रेवर चोरून कोरत, तसली. कुणाच्या तरी बरगड्या, मधोमध भोक आणि त्यावर फक्कड नाचाचं गाणं.

"परक्याची हाडं घरात नकोत," असं बायकोनं, सओदत-आपांनी, बजावलं होतं. "पुन्हा दिसली तर चुलीत घालीन."

"कधीच टाकली," अकांनी ठोकून दिलं होतं. आता पडल्यामुळे स्वतःच्या छातीचा एक्स-रे निघाला, तेव्हा त्यांनी तबकडी त्याच पाकिटात दडवली. तिथं कोण बघतंय?

अका झोपले असताना आपा ते पाकीट घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी हाताला लागली ती फिल्म उजेडात धरली, चष्मा पुसला, पुन्हा धरली.

"यांना श्वास घेता येतो?"

"भांडताही येतं. का?"

"छातीला आरपार भोक आहे."

संध्याकाळपर्यंत अख्खा मोहल्ला अंगणात जमला. कुणी नान आणले, कुणी डाळिंबं. पुलावाची कढई चढली. शेजारचे हाशिम-अका उशाशी बसून म्हणाले, "भला माणूस होता."

"अजून आहे," मिर्झोहिद-अका म्हणाले.

"हो, हो. बोलू नका, दम लागेल."

खरं सांगून टाकावं, तर तबकडी घालायला कढईखाली जाळ तयारच होता. अका मुकाट्यानं कण्हत राहिले.

तेवढ्यात डॉक्टर पाकीट घेऊन आले. "आपा, यात छात्या दोन निघाल्या."

"अगंबाई! मग यांची कुठली?"

डॉक्टरांनी भोकवाल्या फिल्मवरून नख फिरवलं. खर्र झालं. अकांनी डोळ्यांनीच विनवणी केली.

"एकांतात तपासावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

दार लागलं. आतून आधी खरखर आली, मग ट्रम्पेट. अंगणात पुलावातला झारा थांबला.

आपांनी दार ढकललं. ग्रामोफोनवर बरगड्या गरगरत होत्या, डॉक्टर मांडीवर ठेका धरून बसले होते आणि आजारी माणूस किल्ली फिरवत उभा होता. तो ग्रामोफोनला आडवा झाला.

"चुलीत घालायची तर आधी मला घाल!"

आपा गरगरणाऱ्या बरगड्यांकडे बघत राहिल्या.

"ती खिडकी तेवढी उघडा," त्या म्हणाल्या. "बाहेर नीट ऐकू येत नाहीये."