पंच्याऐंशीच्या खाली नाही

माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात नवरदेवाची नवी मोटारसायकल मांडवाच्या दारात उभी होती, हार घातलेली. मंगलाष्टकांना दहा मिनिटं होती. आणि एक माणूस त्या गाडीशेजारी उकिडवा बसून, तिची पेट्रोलची नळी काढून, काचेच्या एका बारीक नळीत पेट्रोल भरून राहिला होता. वरून त्यानं तितकंच पाणी ओतलं, तोंडावर अंगठा दाबला, खळखळ हलवलं आणि हॅलोजनसमोर धरलं.

नवरदेवाचा मामा माझ्याजवळ आला. "पोरी, हा माणूस कोण आहे?"

"आमचे शेजारी."

"काय करून राहिला?"

"पेट्रोल तपासून राहिले."

मामा पुढे काही बोलायच्या आत तो माणूस उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "वीस टक्के. बरोबर आहे. लावा लग्न."

हे आमचे गजभिये काका! सौंसरला आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर आहेत. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि मधे ती नळी. तिचं गणित सोपं आहे. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, पण पंपावर त्यात वीस टक्के मिसळलेलं इथेनॉल खाली पाण्यात उतरतं. पाण्याची रेघ जितकी वर चढली तितकं इथेनॉल. काकांना कोणी काहीही छातीठोक सांगितलं की त्यांचं एकच उत्तर असतं, "नळीले विचार." एकदा त्यांनी दुसरी नळी आणून दूधही तपासलं. दूधवाला त्या दिवसापासून आमच्या गल्लीत येत नाही.

आता सायबीण! सायबीण म्हणजे काकांची लाल गाडी. नागपूरहून अपघातातली विकत आणलेली, टर्बोवाली. तीन वर्षं रोज संध्याकाळी तिच्या पोटात हात घालून काकांनी तिला उभी केली, आणि मग तिला पेट्रोल सोडवायचं ठरवलं. इथेनॉलवर टर्बो गाडी जास्त दाब सहन करते, इंजिन ठोकत नाही, ताकद भल्ली वाढते. मला एकदा बोरगावपर्यंत नेलं होतं. काकांनी पाय दाबला आणि मांडीवरचा माझा मोबाईल मागच्या सीटवर जाऊन पडला, खरंच!

पण गावात वेगळीच बातमी पसरली, की गजभिये गाडीला मोहाची दारू पाजून राहिला. आमच्या गल्लीतले दोन पिणारे संध्याकाळी सायबीणच्या सायलेन्सरमागे उभे राहू लागले, नुसते श्वास घेत. आणि काका तर असे, की लग्नातल्या पानातसुद्धा काय घातलं ते विचारून खातात! विहारात एका म्हाताऱ्या उपासकांनी त्यांना सगळ्यांसमोर धरलं.

"गजभिये, तुह्या गाडीनं दारू पिऊन पाचवं शील मोडलं म्हणतात."

"बाबा, शील मी घेतलं आहे," काका हात जोडून म्हणाले, "गाडीनं नाही घेतलं."

सगळे हसले, फक्त सुमनकाकू हसल्या नाहीत. काकू अंगणवाडीत आहेत. त्यांचं आणि सायबीणचं जमत नाही. जमत नाही म्हणजे त्या तिच्यात एकदाही बसल्या नाहीत. पेट्रोलचा वास आला की काकूंना मळमळतं, बसमध्येही तेच. नाकाशी लिंबू धरून बसतात आणि उतरल्यावर दोन दिवस झोपून असतात. त्यांचं माहेर पांढुर्ण्याकडचं तिगाव, आई तिथं एकटी. तीन वर्षांपासून मायलेकी फोनवरच भेटून राहिल्या. त्यात दारात ही लाल बया! "तुमची सायबीण तुम्हाले लखलाभ," असं म्हणून काकू पदर नाकाला लावून तिच्या बाजूनं जायच्या.

सुरुवातीला इथेनॉलनं काकांची जाम फजिती केली. टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ त्यानं धुऊन काढला आणि नेमका फिल्टरमध्ये कोंबला. सायबीण रेल्वे फाटकावर बंद पडली, संत्र्याच्या ट्रॅक्टरनं ओढून आणली. मग रबरी नळ्या फुगल्या. काकांनी सगळ्या बदलल्या, इंजेक्टर मोठे बसवले. तिची तहानही वाढली होती. नागपूरच्या पलीकडे एका पंपावर जवळजवळ निव्वळ इथेनॉल मिळतं. ते टाकीत भरायचं, नळीनं तपासायचं आणि पेट्रोल मिसळून टक्का जमवायचा. आणि घरी येईस्तोवर बाई त्यातलं किती पिऊन टाकायची! दिवसभर गावाला पाणी देणारा माणूस संध्याकाळी टाकीत पाणी तर नाही ना उतरलं, म्हणून जीव काढायचा.

मी यात आले ती लॅपटॉपमुळे. मी तहसीलसमोर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते, माझी बोटं जोरात चालतात. काका एक दिवस केबल घेऊन आले. "बाई, गाडीच्या कॉम्प्युटरमंदी आकडे बदलायचे आहेत. तुले येते का?"

"नाही."

"मंग शिकू."

शिकलो! दिवाळीपर्यंत सायबीण पंच्याऐंशी टक्के इथेनॉलवर मस्त पळून राहिली होती. आणि मग थंडी पडली.

थंडीत इथेनॉलची वाफच होत नाही, गाडी सुरूच होत नाही. सेल्फ मारला की नुसतं कुंईकुंईकुंई. मी सगळीकडे वाचून काढलं आणि नाचतच काकांकडे गेले. "काका, सोपं आहे! पेट्रोल वाढवा, पन्नासवर आणा. ताकद तितकीच राहते अन् थंडीतही सुरू होते!"

"पंच्याऐंशीच्या खाली नाही."

"सत्तर?"

"पंच्याऐंशीच्या खाली नाही."

"काऊन पण?"

"नाही म्हटलं ना बाई. अन् सकाळी सहाले सुरू झाली पाहिजे, एका सेल्फमंदी. जानेवारी लागेस्तोवर."

नागपूरच्या काही पोरांनी काकांना गाड्यांच्या शर्यतीला बोलावलं होतं, जानेवारीच्या पहिल्या रविवारी. तेव्हा मी समजून गेले, की यांना पंच्याऐंशीवर जिंकून दाखवायचं आहे. मीही पेटले!

मग रोज सकाळी सहाला मी शाल पांघरून, लॅपटॉप मांडीवर घेऊन सायबीणमध्ये बसायचे. इंजिन रात्रभर गार झालेलं पाहिजे आणि फसलं की प्लग ओले होतात, म्हणून एका सकाळी एकच सेल्फ, असा काकांचा नियम. मी सेल्फच्या वेळचं इंधन वाढवलं. कुंईकुंई. अजून वाढवलं, प्लग पार बुडाले. कमी केलं. कुंईकुंई. काकांनी रात्री बोनेटवर गोधडी टाकली, ती काकूंची निघाली, आणि त्या दिवशी आमच्या भिंतीपलीकडून जे ऐकू आलं ते मी लिहीत नाही. काका रोज तेवढंच म्हणायचे, "उद्या," आणि सायकलवर टांग मारून पाणी सोडायला जायचे.

रविवारला चार दिवस राहिले. काका पाण्याच्या पंपावरून आले ते धावतच.

"बाई! पंपात हवा धरली तर मी काय करतो?"

"मले काय माहीत?"

"आधी त्याले पाणी पाजतो! नुसतं बटन दाबलं तर तो कोरडाच फिरते. आपण सायबीणले कोरडीच फिरवून राहिलो. चावी लावली का आधी थोडंसं पाज, थांब, मंग सेल्फ!"

मी आकडे उघडले. होतं ना! चावी फिरवताच एक पिचकारी मारायचा वेगळाच रकाना, आणि आम्ही त्याला हातच लावला नव्हता. दुसऱ्या सकाळी सायबीण शिंकली. तिसऱ्या सकाळी दोन झटके देऊन मेली. शनिवारी मी आकडा अजून वाढवला. काकांनी चावी लावली, थांबले, काढली, परत लावली, मनातल्या मनात मोजलं.

सेल्फ. आणि ती गरजली! मी किंचाळले, समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

रविवारी काकांनी ड्युटी बदलून घेतली. मी डबा आणि लॅपटॉप घेऊन सहाला हजर. नागपूर! नळी काढली, पंच्याऐंशी. चावी, थांब, चावी, थांब. एका सेल्फमध्ये सुरू.

काका उतरले, फिरून पलीकडे गेले आणि पुढचं दार उघडून उभे राहिले.

घरातून सुमनकाकू आल्या. नवं लुगडं, हातात पिशवी, मुठीत लिंबू.

मी मागच्या सीटवर गेले. गाडी निघाली आणि नागपूरच्या रस्त्याला वळलीच नाही, पांढुर्ण्याकडे वळली. चाळीसच्या वेगानं! ती सायबीण, जिनं माझा मोबाईल उडवला होता! ट्रक पुढे गेला. कापसाची गाडी पुढे गेली. दुधाचे कॅन लटकवलेला एक मोटारसायकलवाला आमच्याकडे बघत बघत पुढे गेला. काकांचे कान काकूंच्या श्वासाकडे होते.

मला राहवलं नाही. "काका, चाळीसनंच जायचं होतं तर पन्नास टक्क्यावर कवाच सुरू झाली असती."

काकांनी फक्त आरशात पाहिलं. काकू म्हणाल्या, "पारसाल हे मले ओसरीत डोळे मिटून बसवत होते. एकेक ओली चिंधी नाकाशी धरत. ही कशी, ही कशी. मले वाटलं, साबण बदलून राहिले कपड्याचा." मग म्हणाल्या, "एका चिंधीले मी तोंड नाही फिरवलं."

ती चिंधी पंच्याऐंशीची! मी लॅपटॉप बंद केला.

तिगावात म्हातारी दारातच होती, लेकीचं तोंड पांढरं पडलेलं असणार म्हणून तांब्याभर पाणी घेऊन. काकू स्वतःच उतरल्या. मुठीतलं लिंबू आईच्या हातावर ठेवलं. "हे घे. आज वरणावर पीळ."

मी काकांना विचारलं, "आता तरी सांगा, शर्यत कोणी जिंकली? नळीले विचारू का?"

"गप बस बाई," काका म्हणाले, आणि बोनेट उघडून आत डोकं घातलं. आत बघण्यासारखं काहीच नव्हतं. तरी ते बराच वेळ वाकूनच उभे होते.