पार्टिशनला वाळवी नाही

माळ्यावरची जळमटं काढा म्हणून वैजयंतीबाईंनी हातात झाडू दिला, तेव्हा हिंदुरावांनी मुकाट स्टुलावर चढावं की नाही? पण नाही. "त्यापेक्षा मी कॉम्प्युटर साफ करतो, तोही भरलाय," म्हणून साहेब खुर्चीत बसले. तिथंच माशी शिंकली.

कॉम्प्युटर काहीबाही विचारत होता आणि हिंदुराव न वाचताच 'होय', 'होय' करत चालले होते. (लग्नापासूनची सवय, जाणार कुठं?) तेवढ्यात आतून हाक आली, "अहो, दूध उतू जातंय!" दचकून उठताना पायात वायर अडकली न् सगळं अंधारलं. पुन्हा सुरू करून बघतात तर घरचे सगळे व्हिडिओ ठेवलेला कप्पाच उघडेना.

आता आली पंचाईत! कारण सासूबाई, म्हणजे सारजाबाई, त्या कप्प्यातला एक व्हिडिओ बघायला माळशिरसहून एसटीत बसल्या होत्या. सासऱ्यांनी जन्मभर त्यांना "अगं ए" अशीच हाक मारली. सहस्रचंद्रदर्शनाला मात्र म्हाताऱ्यानं चारचौघांत उखाण्यात बायकोचं नाव घेतलं, आणि महिन्याभरात गेला. भाच्यानं ते मोबाइलवर टिपलं, हिंदुरावांना पाठवलं आणि मोबाइल विहिरीत घातला. आता ते नाव एवढ्या कप्प्यातच उरलेलं. (हिंदुराव स्वतः कार्यक्रमाला नव्हते. ताप होता.)

त्यांनी दबक्या आवाजात दुरुस्तीवाल्या बिलालला फोन लावला.

"तो कप्पा म्हंजे डिस्कचं पार्टिशन, तेच बिघडलंय साब. हात लावू नक्को, मी येतो."

"पार्टिशन बिघडलंय? बरं, ये. पण हिला कळता कामा नये."

हिला कळलं. पण अर्धं. वैजयंतीबाईंनी दाराआडून 'पार्टिशन बिघडलंय' तेवढं ऐकलं आणि हॉलमधल्या प्लायवुडच्या पार्टिशनकडं बघितलं. आईच्या अंगावर पडलं म्हणजे? त्यांनी शेजारच्या बिल्डिंगमधून महादेवप्पा सुताराला बोलावलं.

बिलाल न् महादेवप्पा एकदमच दारात. एक कॉम्प्युटर उघडून बसला, दुसरा लाकडावर टकटक करायला लागला.

"ह्येला काय धाड भरलीय? वाळवी न्हाय, काय न्हाय. लई घट्ट हाय की!"

"हे नव्हे हो, आतलं पार्टिशन!" हिंदुराव ओरडले.

"आतलं बी बघतो की," म्हणून महादेवप्पा थेट बेडरूममध्ये.

तेवढ्यात पिशवी सावरत सारजाबाई आल्या. "पार्टिशन? कुणाची वाटणी चाललीय? मी अजून जिती हाय!"

पडद्यावरची हिरवी रेघ गोगलगायीसारखी सरकत होती. हिंदुराव बसत, उठत, पाणी पीत, पुन्हा बसत.

"सापडलं का रे?"

"साब, तुम्ही पयले बैठो."

शेवटी बिलाल म्हणाला, "सगळं आलं साब. नावं गेली, नुसते नंबर हायेत." त्यानं एकेक उघडत नेलं आणि फेटा बांधलेले सासरे दिसले. ते खाकरले.

"ज्वारीच्या ताटाला कणीस आलंय भारी,
सारजाचं नाव घेतो, आता हसा सारी!"

सारजाबाईंनी पदर तोंडाला लावला. "पुन्यांदा लाव रं." बिलालनं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही. महादेवप्पानं हातोडा खाली ठेवला.

हिंदुरावांची छाती फुगली. "बघा, जावयानं कसं वाचवलं!"

आणि पुढचा नंबर आपोआप सुरू झाला. शेत, हुरड्याची आगटी, आणि शेंगाचटणीनं माखलेले हिंदुराव, तोंड भरलेलं: "आज सासऱ्याचा कार्यक्रम! ताप आलाय म्हणून कळवलंय!"

"हे... हे तर मी पुसलं होतं!"

"व्हय साब," बिलाल खुशीत म्हणाला. "पुसलेलं बी काढून दिलं. त्याचे ज्यादा पैसे न्हाईत."

सारजाबाईंनी उठून जावयाच्या कपाळाला हात लावला. "आता उतरलाय की वो, जावईबापू."

महादेवप्पानं हत्यारं गोळा केली. "निघू का वैनी? तुमच्या पार्टिशनला काय झालं न्हाय."

"थांबा," वैजयंतीबाई म्हणाल्या. "ह्यांची खाट आजपासून पार्टिशनच्या पलीकडं. दाराला कडी बसवा. आमच्या बाजूनं."