नववी ‘ब’ची वायकिंग सभा

इतिहासाच्या बाई रजेवर गेल्या आणि नववी ‘ब’ रसायनशास्त्राच्या नव्या सरांच्या गळ्यात पडली. सर पाव मार्कासाठीही अडून बसत, म्हणून मुलं त्यांना ‘पॉइंट पंचवीस’ म्हणत. नेमणूक अजून कच्ची होती. आज मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तास पाहायला येणार होत्या आणि त्यावरच नोकरी पक्की होणार की जाणार, हे ठरायचं होतं.

“जास्त हुशारी पाजळू नकोस,” सरांच्या ताईने त्यांना सकाळीच बजावलं होतं.

सरांनी ती पहिल्याच मिनिटाला पाजळली. “वायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं होती याला पुरावा नाही.”

“मग राहिलं काय, सर?” मागच्या बाकावरचा लंबू हिरमुसला. वर्ग जांभया देऊ लागला.

सर घाबरले. “त्यांची सभा असायची,” ते घाईघाईने म्हणाले. “कायदा एक जण तोंडपाठ म्हणायचा. तक्रार मांडायची, साक्षीदार आणायचे, निकाल पटला की शस्त्रं आपटायची. करून बघू या?”

वर्ग खडबडून जागा झाला. कायदा सांगायला वर्गप्रमुख मुलगी उभी राहिली आणि लंबूने पहिली तक्रार ठोकली. “सरांनी गुरुवारी आमचा खेळाचा तास खाल्ला. चाचणी घेतली.”

“साक्षीदार?”

एक्केचाळीस हात वर गेले.

“सर, तुमचे साक्षीदार?”

सरांनी खिडकीकडे पाहिलं. तिथे एक कबूतर होतं, तेही उडालं.

“तीन वर्षं हद्दपार!” मुलीने निकाल दिला. बेचाळीस पट्ट्या बाकांवर आपटल्या.

इथे सरांना हसून विषय बदलता आला असता. पण प्रयोग अर्धवट सोडायचा नाही, ही त्यांची शिस्त. “एका वर्षाला पाच मिनिटं धरा,” असं प्रमाणही स्वतःच काढून देऊन ते बाहेर गेले आणि जाताना दार ओढून घेतलं.

समोरून मोठ्या बाई येत होत्या.

“सर, तुमचा तास चालू आहे ना?”

“हो, बाई.”

“मग तुम्ही इथे?”

“मला हद्दपार केलंय. तीन वर्षं. म्हणजे... अजून चौदा मिनिटं.”

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि त्या आत गेल्या. सर दाराच्या काचेला नाक लावून पाहू लागले.

“बाई, तुमची काही तक्रार आहे?” मुलीने विचारलं.

“नाही गं, मी नुसती बघायला आले.”

“मग मागे बसा.”

बाई लंबूशेजारी बसल्या! पुढचा खटला सुरू झाला: कंपासपेटी कुणी लपवली? बाई भराभर वहीत लिहीत होत्या. त्यांच्या प्रत्येक ओळीगणिक सरांना आपली नोकरी वितळताना दिसत होती. दोनदा त्यांनी कडीला हात लावला, दोनदा मागे घेतला. शिक्षा म्हणजे शिक्षा.

अखेर बाई बाहेर आल्या. सरांनी राजीनाम्याची दोन वाक्यं मनात जुळवून ठेवली होती.

“बाई, मी समजावून सांगतो...”

“काही सांगू नका. हा वर्ग सलग दहा मिनिटं शिस्तीत बोलताना मी सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिला. मी शिंगांचं विचारलं तर मलाच पुरावा मागितला पोरांनी! तुमची नोकरी पक्की. सोमवारपासून दहावीही घ्या. असंच शिकवा.”

“असंच म्हणजे?”

बाईंनी शेजारच्या खोलीतून एक खुर्ची ओढत आणली आणि दाराबाहेर भिंतीला लावून ठेवली.

“बाहेरून.”