बाभळटेक फाट्यावरची गर्दी

मेट्रो नसली तरी मेट्रो स्टेशन करता येतं, असं राधाकृष्णरावांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी पुण्याहून आणलं होतं. कचेरीतून निवृत्त झाल्यावर ते काही महिने मुलाकडे, नचिकेतकडे, राहून आले. नचिकेत मेट्रो स्टेशनांच्या आजूबाजूचे रस्ते, फुटपाथ, बसायच्या जागा आखायचं काम करतो. रोज संध्याकाळी तो वडिलांना स्टेशनाबाहेर नेऊन दाखवायचा, की बघा बाबा, इथे सावली, इथे बाक, इथे दुकानांची तोंडं रस्त्याकडे, म्हणून इथे अंधार पडल्यावरही पोरीबाळी बिनधास्त उभ्या राहतात. राधाकृष्णरावांनी सगळं नीट पाहिलं आणि त्यातलं जे आवडलं तेवढं लक्षात ठेवलं. बाक आवडले. सावली आवडली. दुकानं त्यांना जन्मात आवडली नव्हती.

नांदेड-हिंगोली रस्त्यावर, डोंगरकडा गावाच्या अलीकडे बाभळटेक फाटा आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा फाट्यावरचं लिंबाचं झाड गेलं आणि त्याच्या सावलीतली मंजुळाबाईची चहाची टपरीही गेली. गावाने नवा थांबा बांधायचं ठरवलं आणि राधाकृष्णरावांनी तो ताब्यातच घेतला. पत्र्याची उंच शेड, रंगीत फरशी, एका ओळीत सिमेंटचे बाक. मंजुळाबाईने कोपऱ्यात स्टोव्हपुरती जागा मागितली. राधाकृष्णरावांनी तिला अत्यंत सभ्य शब्दांत समजावलं की खरकटे कप आणि माश्या मेट्रोच्या दर्जात बसत नाहीत. तिने रस्त्यापलीकडे एका बाभळीखाली टपरी मांडली.

झालं! सगळं गाव बाभळीखाली बसायला लागलं. इकडे थांबा लख्ख, स्वच्छ आणि रिकामा. ड्रायव्हरला थांब्यावर कुत्रंही दिसेना, तो गाडी कशाला थांबवेल? पलीकडून माणसं अर्धा चहा टाकून हात हलवत पळत यायची, तोवर बस डोंगरकड्याच्या वळणाला लागलेली असायची. शेवटी एसटीच्या डेपोतून निरोप आला. साहेब उद्या पाहणीला येणार, प्रवासी दिसले नाहीत तर थांबा बंद.

त्या संध्याकाळी तातेराव घरी आले. शेजारचे शेतकरी, शांत माणूस. त्यांची राजनंदिनी आखाडा बाळापूरला कॉलेजात जाते. ती बापाच्या मागे उंबऱ्यात उभी होती.

"काका, थांबा बंद झाला तर हिचं कॉलेज बंद," तातेराव म्हणाले. "डोंगरकड्यापातूर हायवेनं एकट्या पोरीला म्या चालवत न्हाई. तुमाला बोल लावून नाही राहिलो. सांगून ठेवलं."

पोरीने मान वर केली नाही. राधाकृष्णरावांना रडणारी माणसं सोसत, पण ही अशी गप्प राहिलेली पोरगी सोसेना. त्यांच्या घशाखाली भाकरी उतरली नाही. बायको, अनुसूयाबाई, चार दिवसांपासून बाळापूरला बहिणीकडे गेलेल्या, त्यामुळे उतरली नाही हे बघायलाही कोणी नव्हतं. त्यांनी नचिकेतला फोन लावला.

"बाबा," नचिकेत म्हणाला, "माणसं बाकांकडे येत नाहीत. माणसं माणसांकडे येतात."

एवढ्यावरच राधाकृष्णरावांनी फोन ठेवला. पुढचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, पण ऐकून घेणारा माणूस असता तर मंजुळाबाईला कोपरा मिळालाच असता. माणसं हवीत ना? मग माणसं बसवू! त्यांनी रातोरात तातेरावांच्या मदतीने गावात फिरून माणसं ठरवली. दिवस हळद काढणीचे, धडधाकट माणूस रानातून हलणं शक्य नव्हतं. म्हातारे तेवढे मोकळे होते. त्यांना सूचना स्पष्ट दिल्या. धुतलेले पांढरे कपडे. टोपी. तंबाखू नाही, थुंकणं नाही, मोठ्याने बोलणं नाही. साहेबांसमोर शिस्त दिसली पाहिजे.

सकाळी थांबा भरला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले म्हातारे ओळीने बसले, हात मांडीवर, नजर फरशीवर. राधाकृष्णराव रात्रभर जागल्याने डोळे लाल, दाढी वाढलेली, बोडक्या डोक्याने पुढे उभे होते. त्यांचं मन भरून आलं. हुबेहूब मेट्रो!

पहिला आला तो डोंगरकड्याचा किराणा दुकानदार दगडोबा, मोटारसायकलवर. त्याने दृश्य पाहिलं आणि गाडी बंद केली. ऐन हळदीत, भर सकाळी, इतकी माणसं पांढऱ्या कपड्यांत गप्प बसतात ती एकाच कारणाने, हे आपल्याकडे लेकरालाही कळतं. आता गेलं कोण, एवढंच पाहायचं होतं. नवरा समोर उभा आहे आणि बायको कुठे दिसत नाही. दगडोबाने टोपी काढली, राधाकृष्णरावांचा हात हातात घेतला आणि भरल्या आवाजात म्हणाला, "काकू देवमाणूस व्हत्या."

राधाकृष्णराव तोंड उघडणार, एवढ्यात नांदेडहून येणारी बस दिसली. ती हळू झाली. आणि थांबली! ड्रायव्हरने खिडकीतूनच हात जोडले, ओळखीची पाचसहा माणसं खाली उतरली आणि बाकावर जागा करून बसली. राधाकृष्णरावांनी उघडलेलं तोंड मिटलं. खरं सांगावं तर गर्दी उठणार, गर्दी उठली तर राजनंदिनी घरी बसणार. बायको संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. तेवढा वेळ ती नसली तरी चालण्यासारखं होतं.

दगडोबाचं वाक्य बाकांच्या ओळीने सरकत शेवटपर्यंत गेलं. तातेराव डोळे पुसत आले.

"काका, काहून सांगितलं न्हाई? पांढरे कपडे म्हणले तवाच आमाला कळायला पायजे व्हतं."

थोड्या वेळाने मंजुळाबाई रस्ता ओलांडून आली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, चहापाणी शेजाऱ्यांनी करायचं असतं. मान-अपमान तिने बाभळीखाली ठेवला, स्टोव्ह आणि पातेलं थांब्याच्या कोपऱ्यात आणून मांडलं. त्याच कोपऱ्यात! चहाबरोबर माणसांना बोलावंसं वाटू लागलं. काकूंच्या हातचं लोणचं, हळदीचा भाव, कुणाच्या सुनेचं बाळंतपण. बाया आल्या, भाजीवाला टेकला, पुढची बसही थांबली. राधाकृष्णरावांच्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर स्टेशन उभं राहिलं आणि त्यांना त्याच्याकडे मान वर करून बघवत नव्हतं.

साहेब आले ते जीपमधून उतरून थेट बाकावर टेकले. रीतीप्रमाणे थोडा वेळ गप्प बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "वाईट झालं. पण ही गर्दी मला हिशेबात धरता येत नाही. मयतीची गर्दी रोजची नसते. थांबा बंदच करावा लागेल."

राधाकृष्णरावांच्या पायाखालची फरशी सरकली. समोर राजनंदिनी पुस्तकांची पिशवी छातीशी धरून उभी होती.

"साहेब, कोणी मेलेलं नाही," ते म्हणाले. "मीच बसवलंय सगळ्यांना. आमची ही बाळापूरला आहे."

साहेबांनी कणवेने पाहिलं. दगडोबाने खांद्यावर हात ठेवला, "असं होतं काका, मन मानत न्हाई," म्हणत पाणी दिलं. राधाकृष्णराव शपथा घ्यायला लागले तसे दोघांनी त्यांना धरूनच बसवलं.

तेव्हा हिंगोलीकडून बस आली, थांबली, आणि तीतून अनुसूयाबाई उतरल्या. सकाळीच बाळापुरात त्यांना स्वतःच्या मरणाचा फोन आला होता. बहीण मागून रडत उतरत होती, कारण रडायला एकदा सुरुवात केली की तिला थांबता येत नाही.

कोणी हललं नाही. अनुसूयाबाईंनी बाकांवरची गर्दी पाहिली, नवऱ्याला पाहिलं आणि मंजुळाबाईला म्हणाल्या, "मला अर्धा कप दे गं. साखर कमी."

मग जो कालवा उठला तो रानात हळद शिजवणाऱ्यांपर्यंत गेला. तेही आले. मेलेली बाई चहा पिते हे कोण सोडणार? पुढच्या बसने ती गर्दी पाहिली, थांबली, माणसं उतरली. साहेबांनी दुसरा कप घेतला. हसून झाल्यावर त्यांनी राधाकृष्णरावांना एवढंच विचारलं की हा स्टोव्ह आधी कुठे होता. राधाकृष्णरावांनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं आणि ते बोट तिथपर्यंत न्यायला त्यांना फार जड गेलं. साहेब म्हणाले, स्टोव्ह इथून हलवू नका, थांबा राहू द्या, तीन महिन्यांनी पुन्हा बघायला येतो. पुढच्या बसने राजनंदिनी कॉलेजला गेली. दोन तास बुडाले, पण गेली.

रात्री अनुसूयाबाईंनी ताट वाढलं.

"लोक मला मेली म्हणत होते तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात?"

राधाकृष्णरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. "गर्दी चांगली जमत होती."

"असं होय," अनुसूयाबाई म्हणाल्या. आणखी एक भाकरी त्यांच्या ताटात टाकली. "तीन महिन्यांनी साहेब पुन्हा येणार आहेत ना? त्या वेळी तुमचा नंबर. चहाचं मी बघते."