दसऱ्याच्या अक्षतेची आणि हौसाबाईंच्या गळ्याची हकीकत

श्रीशारदा समर्थ. शब्द तिचे, चुका आमच्या, ऐसे जाणोन लेखणी धरिली. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, कार्तिक मासी एका राज्यात वर्तमान घडले ते ऐसे जे, श्रीमंतांचे पदरी आवाजाचा कारखाना होता. कारखाना म्हणावा तर एक माइक, एक रेकॉर्डिंगचा डबा आणि त्याजवर दरोगे विसाजी मल्हार. डबा बाजारात सर्वांत स्वस्त तोच घेतलेला, सर्वांगे प्लास्टिकचा, परंतु विसाजीपंत त्यास पोटच्या पोराप्रमाणे जपत, आणि दसऱ्यास शस्त्रे पुजितात तैसा त्यांनी तो पुजिला, आणि हळद, कुंकू, अक्षता सढळ हाते वाहोन बोलिले, "आता यास वर्षभर दगा नाही." मग हुकूम जाहला की नगारखान्यात नित्य वाजावी म्हणोन हौसाबाई कोलतेकर यांची भूपाळी उतरोन घ्यावी.

बाईंची गायकी चाळीस वर्षांची. भूपाळी खाली निर्मळ चाले, आणि वरच्या सुरास जाताच खर्रर्र ऐसा नाद उठे. पंतांची रीत ऐशी की बाई वर चढल्या म्हणजे आवाज फाटू नये म्हणोन डब्यावरील सरकती खुंटी हळूच खाली ओढावी. ओढीत आणि मान हालवीत, आणि म्हणत, "बाई, गळा बसला." मग अडुळशाचा काढा सुरू जाहला, आणि बाईंनी महिनाभर तोंड वाकडे करोन तो प्यावा, आणि खरखर जैशी होती तैशीच. अखेर श्रीमंतांनी दुसरी गायिका बोलाविली आणि बाईंस निरोपाचा नारळ देविला. बाई ट्रंक बांधोन निघाल्या, आणि दारात उभ्या राहोन म्हणाल्या, "पंत, गळा माझा, मला ठाऊक. एकवार तुमचा डबा उघडून पाहा."

"स्वहस्ते पुजिलेला डबा," पंत बोलिले, "त्यात दोष कैसा असेल?"

परंतु शब्द जिव्हारी लागला. बाईंस खोटे पाडावे म्हणोनच पंतांनी भर दुपारी डबा पालथा घातला आणि स्क्रू काढू लागले. तीन निघाले, चौथ्याचे डोके झिजलेले, त्यास सुरीच्या टोकाने वळविले, आणि झाकण उचलिताना प्लास्टिकची एक कडी कट्ट करोन तुटली. मग आत पाहातात तो सरकत्या खुंटीच्या फटीत हळदकुंकवाचा लगदा, आणि खुंटी खाली ओढावी ते नेमके जागी एक अक्षता रुतोन बसलेली. फुंकर मारावी, झाकण लावावे, नवी बाई गाईल, आवाज निर्मळ येईल, वाहवा आपली होईल, ऐसेही पंतांच्या मनात येऊन गेले. लाज वाटली, फार वाटली. मग स्पिरिटाचा बोळा फिरवोन फट पुसली, अक्षता कागदात बांधिली, डबा जुळविला आणि थेट हुजुरांपुढे जाऊन पुडी ठेविली.

"हे काय?" श्रीमंतांनी पुसिले.

"बाईंच्या गळ्यातला दोष, सरकार," पंत बोलिले. "माझ्या हातचा आहे."

श्रीमंतांनी पुडी उलगडोन अक्षता पाहिली. मग वेशीकडे घोडेस्वार दौडला आणि हौसाबाई ट्रंकेसह परत आल्या. भूपाळी पुन्हा गाइली. वरचा सूर लागला, खुंटी खाली आली, आणि खरखर नाही. पंतांचे डोळे भरोन आले. श्रीमंतांनी विचारिले, "बाई, यांस शिक्षा काय द्यावी?"

"शिक्षा कशाला?" बाई म्हणाल्या. "अर्धा हंडा काढा उरला आहे. औषध टाकून देऊ नये."

येणेप्रमाणे तंटा मिटला. नगारखान्यात भूपाळी नित्य वाजते, आणि ती ऐकत विसाजीपंत सकाळचा काढ्याचा पेला रिता करितात. पुढील दसऱ्यास त्यांनी डब्यास हातभर दुरोन नमस्कार मात्र केला. डबा जुळविताना एक स्क्रू उरला होता, तो पंतांच्या कनवटीस आहे. एका दिवशी दोन गुन्हे कबूल करावे ऐसी छाती राज्यात कोणासही नाही.