तौरसाहेब आणि तेज धार

तौरसाहेबांच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर इतके ओरखडे होते की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, यांनी मांजर पाळलंय आणि दोघांचं पटत नाही. मांजरबिंजर काही नव्हतं. हातात येईल त्या वस्तूची कड नखावरून ओढून बघायची, ही त्यांची खोड. कारखान्यातली टिप असो, कॅन्टीनमधली स्टीलची ताटली असो, नाहीतर लग्नाची पत्रिका. कड नखावर फिरवायची, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा, "लई तेज हाय. टिकणार न्हाई."

जालन्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ते डिझाइनला होते आणि मी डिस्पॅचला. त्यांनी आखायचं, मी खोक्यात भरून पाठवायचं. आम्ही बनवतो काय, हे माझ्या सासऱ्यांना अजून कळलेलं नाही, म्हणून सोपं करून सांगतो. लोखंड तासायला एक गोल, फिरतं कटर असतं. त्याच्या कडेला खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत स्क्रूने बसवलेली नखाएवढी टिप. टिप झिजली की कटर फेकायचं नाही, नुसती टिप बदलायची. त्या टिपेचा आकार, कोन आणि धार ठरवायची, हे तौरसाहेबांचं काम.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एकच होतं. कोऱ्या धारेची टिप बाहेर पाठवायची नाही. कटर फिरताना टिप दर फेऱ्याला लोखंडावर आपटते, आणि धार फार कोरी असली की तिचा कपचा उडतो. म्हणून ती आधीच किंचित, डोळ्याला दिसणारही नाही इतकी मोडून गोल करायची. याला ते 'धारेवरून हात फिरवणं' म्हणत.

जिभेवरून मात्र त्यांनी कधी हात फिरवला नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात नवरा मुलगा इंग्रजीतून फाडफाड बोलत होता. व्याही कौतुकाने बघत होते. तौरसाहेब पेढा तोंडात टाकत मोठ्याने म्हणाले, "पोरगं लई तेज हाय. टिकणार न्हाई." माझ्या बायकोने त्यानंतर त्यांना घरी बोलावलं नाही. जावई तसा टिकला, त्याच्या नोकऱ्या टिकल्या नाहीत, पण हे मी बायकोजवळ कधी काढत नाही.

असल्या माणसाला आमच्याशिवाय कोण ठेवून घेणार, असं तुम्हाला वाटेल. उलट पुण्याहून दोनदा बोलावणं आलं होतं, पगारही दणदणीत. हे गेले नाहीत. का, विचारलं तर म्हणाले, "पुण्याचं पाणी लई तेज हाय." जालन्यात त्यांच्या जोगी दुसरी नोकरी नव्हती. म्हणजे ही सुटली तर माणूस घरी बसणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि ती सुटायची वेळ आली. पुण्याहून नवे मोठे साहेब आले. वय कमी, बूट चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत. तौरसाहेब तेव्हा एका नव्या टिपेवर जीव लावून बसले होते. साहेबांनी ती बघितली आणि म्हणाले, "धार मोडायची नाही. कोरीच ठेवा. गिऱ्हाइकासमोर लोण्यासारखी चालली पाहिजे."

"साहेब, गिऱ्हाईक काय लोणी कापून राह्यलंय का?" तौरसाहेब म्हणाले. झालं, पडली ठिणगी.

गिऱ्हाइकांना प्रात्यक्षिक दाखवायच्या दिवशी टिप खरोखरच सुरेख चालली. मशीनचा आवाज नाही, लोखंडावर आरशासारखी चकाकी. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून तो ओळखीचा आवाज आला, "आज झ्याक दिसंल. पण लई तेज हाय. टिकणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी तौरसाहेबांचं टेबल डिझाइनमधून उचलून माझ्याशेजारी आलं. काम काय, तर टिपांच्या डब्यांवर लेबलं चिकटवायची. लेबलाची कडसुद्धा नखावरून ओढून बघत. चिकटवत मात्र अगदी बराबर.

दोन महिन्यांत माल परत येऊ लागला. एकेक टिप किडक्या दातासारखी कपचा उडालेली. मोठ्या साहेबांनी बंद दाराआड बैठका घेतल्या आणि शेवटी तौरसाहेबांचंच जुनं ड्रॉइंग बाहेर काढलं. धार मोडली, तिला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं आणि त्या सुधारणेबद्दल स्वतःचा सत्कारही करून घेतला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, हारासकट. तौरसाहेब लेबलंच चिकटवत राहिले. मग एक दिवस यायचेच थांबले.

आठवड्याने साहेबांनी मला बोलावलं. टाइप केलेला कागद हातात दिला. पाहुण्यांसमोर गैरवर्तन केल्याबद्दल तौरांनी माफी मागावी, मग डिझाइनला परत घेऊ, नाहीतर हिशेब करून मोकळं करू. कागद खिशात ठेवताना मला त्याची किळस आली.

रविवारी सकाळी त्यांच्या जुन्या जालन्यातल्या घरी गेलो. दार उघडंच होतं. आत त्यांची थोरली बहीण, अक्का, विळीवर दोडके चिरत होती. सासर सोडून वाटूरला माहेरी आली होती, आई गेल्यावर या भावाला तिनेच वाढवलं आणि पुढे त्याच्याबरोबर जालन्याला आली, एवढं मला ऐकून माहीत होतं. तिचे हात किती थरथरतात, ते माहीत नव्हतं. दोडका एकीकडे, बोटं दुसरीकडे. दोनदा बोट पात्यावर गेलं. पण बोटाला साधा ओरखडाही नाही. दोडके चिरले कमी आणि चेचले जास्त जात होते.

"ह्या विळीत काई जीवच न्हाई!" ती कडाडली. "मागल्या महिन्यात नवी आनली, ती बी असलीच. जना, मेल्या, तुला एक विळी धड आनता येईना?"

मी तौरसाहेबांकडे बघत राहिलो. भल्याभल्यांना फाडून खाणारा माणूस शेजारी मांडी घालून, मान खाली घालून ऐकत होता. "दुकानदारानं फसवलं, अक्का. बदलून आनतो."

मला बाहेर ओट्यावर नेऊन ते हळूच म्हणाले, "नवी आनली की आधी म्या दगडावर घासून धार घालवतो. आठवडाभर ती तापानं पडली व्हती, म्हून आल्तो न्हाई. तिला बोलू नका. तिचे हात गेलेत, हे तिला म्हाईत न्हाई. तिला वाटतं, विळीच खराब. हितं हाताला सवय हाय. पुण्याला, नव्या सैपाकघरात नेलं तर दोन दिवसांत कळंल तिला. मंग ती उठायची न्हाई."

मी खिशातला कागद दिला. त्यांनी तो वाचला, कड नखावरून ओढली नाही, नुसता पेन मागितला.

तेवढ्यात अक्का चहाचे कप घेऊन दारात आली. निम्मा चहा बशीत सांडला होता. "तुमी ह्याच्या कारखान्यातले ना?" तिने मला विचारलं. "खरं सांगा. धारेचं काम करतो म्हन्तो हा. ह्याला धारेतलं काई कळतं का हो?"

तौरसाहेब पेन धरून माझ्याकडे बघत होते.

"न्हाई अक्का," मी म्हणालो. "बिलकुल न्हाई."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि समाधानाने आत गेली. तौरसाहेबांनी माझा हात एकदा घट्ट दाबला आणि सही केली.