सोबत कोण आलंय?

आमच्या दवाखान्यात दात दुखतोय म्हणून आलेल्या माणसाला आधी कुणी बघत नाही. गाल सुजलेला असो, डोळ्यांतून पाणी गळत असो, अण्णा डॉक्टर त्याला हाताने थांबवतात आणि विचारतात, "सोबत कोण आलंय?"

सोबत आलेल्याला वाटतं, कुठं तरी सही करायची असेल. तो पुढे होतो. डॉक्टर त्याचा दंड धरतात आणि खुर्चीत त्यालाच बसवतात.

"आ करा की."

"ओ डॉक्टर, दाढ ह्याची दुखतेय!"

"त्याची दाढ ओरडली, म्हणून त्याला कळलं. तुमची गप बसलीय. गप बसणाऱ्याचं आधी बघायचं असतं. आ करा."

मी पद्मा. सोलापुरात अण्णा डॉक्टरांच्या काउंटरवर चौदा वर्षं बसते. डॉक्टर मूळचे अक्कलकोटकडचे, घरची भाषा कन्नड, त्यामुळे मराठी बोलतानाही वाक्याच्या शेवटी जरा हेलकावा येतो. साठी ओलांडलेली, कपाळावर विभूती, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. लग्न केलं नाही. दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि दोन खोल्यांचं घर त्याच्या वर.

मी नोकरी मागायला गेले तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं नाही. "घरात कोण कोण आहे?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, नवरा, दोन मुलं, सासू-सासरे, आणि यंत्रमागावर जाणारा दीर. "उद्या सगळ्यांना घेऊन या." दुसऱ्या दिवशी आम्ही सात जण दोन रिक्षांतून गेलो. मामंजींनी तर नवीन धोतर नेसलं होतं. सगळ्यांची तोंडं बघून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "सोमवारपासून या." परत येताना सासूबाई तेलुगूत पुटपुटल्या, "नोकरी सुनेला, आणि दात माझे मोजले."

कवळी बसवायची त्यांची रीतही वेगळी. कवळी बसली, आरशात बघून झालं, की माणूस उठायला लागतो. डॉक्टर त्याला परत बसवतात आणि कपाटातून डबा काढतात. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. "आरशात दात चांगलेच दिसतात. खा." समोरचा माणूस कुडुम् करून भाकरी मोडेपर्यंत डॉक्टर कान पुढे करून उभे. आवाज बरोबर आला तर मान हलवायची, नाही तर कवळी पुन्हा घासायला. एका निवृत्त हेडमास्तरांना त्यांनी तीन दिवस भाकरी खायला बोलावलं होतं. चौथ्या दिवशी हेडमास्तर म्हणाले, "कवळी राहू द्या, चटणी मात्र आणखी वाढा."

लोक शहाणे झाले, एकटेच यायला लागले. रज्जाकचाचा, चिंचोळी एमआयडीसीत टेम्पो चालवतात, ते असेच एकदा छाती काढून आले. "आज अकेलाच आया हूँ, डॉक्टरसाब." डॉक्टरांनी खिडकीतून खाली बघितलं. चाचांना सोडायला आलेला रिक्षावाला भाड्याची वाट बघत उभा होता. पाच मिनिटांत तो खुर्चीत. चाचा गाल धरून मला म्हणाले, "बहेन, दाढ मेरी, और पसीना उसकू!"

हसायला बरं वाटतं, पण माणसं चिडायची. समोर काचेच्या दाराचा नवा दवाखाना झाला आहे. तिथे ज्याचं दुखतं त्यालाच बघतात. आमचे कितीतरी लोक तिकडे गेले. मी एकदा बोलले, "डॉक्टर, लोक चिडतात हो."

"चिडू द्या की. चिडलेला माणूस तोंड तरी उघडतो."

पुढे बोलायची सोय नव्हती. मीही हा एक स्वभाव आहे असं धरून चालले होते, मागच्या वर्षी मोडनिंबचे वसंतराव येईपर्यंत.

वसंतराव कांद्याचे व्यापारी. उंच, आवाज बाजारात वापरायचा तोच घरात. त्यांची रूट कॅनाल झालेली, दाढेवर कॅप बसवायची होती. सोबत त्यांची बायको सुमन, मांडीवर पिशवी घेऊन बाकाच्या टोकाला बसलेली. पदर तोंडावरून ओढून घेतलेला.

डॉक्टरांनी नेहमीचं विचारलं. सुमनताई उठल्याच नाहीत. "मला काय झालं न्हाय. ह्यांचंच बगा."

"दोन मिनिटं लागतील, ताई."

"न्हाय म्हनले की."

वसंतराव उखडले. "तिला काय धाड भरलीय? मी मालाच्या गाड्या सोडून आलोय हितं. माझी कॅप बसवा."

"कॅपची घाई नाही. आधी त्यांना बसवा."

"मग ऱ्हाऊ द्या तुमची कॅप!" वसंतराव तरातरा जिना उतरले. सुमनताई पिशवी सावरत मागे. दारात त्या क्षणभर थांबल्या, वळून डॉक्टरांकडे बघितलं आणि गेल्या. ती नजर मला तेव्हा रागाची वाटली होती.

त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "मोडनिंबला फोन लावा." वसंतरावांनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप घातलं, चौदा वर्षांत मी पहिल्यांदा बघितलं ते, आणि एसटीने मोडनिंबला गेले. सोबत मलाही नेलं. "बाईमाणूस असलं तर ती बोलेल."

वसंतराव ओट्यावरच होते. डॉक्टरांना बघून त्यांचा आवाजच बसला. कुणी दातांचा डॉक्टर घरी आलेला त्यांनी ऐकला नसेल. डॉक्टर म्हणाले, "तुमची चूक नाही, माझीही नाही. ताईंनी त्या दिवशी चहा घेतला नाही. पाणी प्यायल्या ते एका बाजूने, मान वाकडी करून. मला ते बघायचंय."

मी सुमनताईंबरोबर आत चुलीपाशी बसले. त्यांनी चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाल्या, "तीन म्हैनं झालं. गालात आतनं जखम हाय. भाकरी दुधात कुस्करून खाते. मिश्री लावायची सवय, त्यानंच असंल. ह्यांना सांगितलं तर वरडत्याल, आन् मोठं काय निघालं तर..." त्यांनी पदर बाजूला घेतला.

मी हाक मारली. डॉक्टरांनी आत येऊन खिशातली बॅटरी काढली. बघायला अर्धं मिनिट लागलं असेल. बॅटरी बंद करून ते म्हणाले, "उद्या सकाळी सोलापूरला या. तिथून तपासणीला मी सोबत येतो." वसंतराव खांबाला धरून उभे राहिले.

जखमेचा तुकडा तपासायला गेला आणि भीती होती तेच निघालं. पण वेळेत निघालं. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं. त्या दिवशी आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. चार तास. वसंतराव जमिनीकडे बघत होते. एकदम म्हणाले, "रोज समोर जेवाय बसायची वो. मला कसं दिसलं न्हाय?"

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. मग त्यांनी सांगितलं. मला वाटतं, त्यांनी ते आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

"मला आई नव्हती. थोरल्या बहिणीनं वाढवलं. अक्का. मला शिकवायचं म्हणून तिनं दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या थापल्या. दवाखाना टाकला तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त खूश. रोज डबा घेऊन यायची आणि तुम्ही बसता त्या बाकावर बसून राहायची. भ्यालेल्या पोरांना गोष्टी सांगायची. सात वर्षं. मी दिवसाला वीस तोंडं बघत होतो. तिला एकदाही म्हणलो नाही, अक्का, आ कर." ते थांबले. "शेवटी तिनं स्वतःहून सांगितलं. तोपर्यंत करण्यासारखं काही राहिलं नव्हतं."

वसंतरावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढ्यात आतून नर्स आली आणि म्हणाली, ऑपरेशन नीट झालंय.

सुमनताई वाचल्या. एका बाजूचा गाल आत ओढला गेलाय. दोन-तीन महिने त्यांना नीट बोलता येत नव्हतं. डॉक्टर दर रविवारी दुपारी दवाखाना आवरला की मोडनिंबला फोन लावायचे. वसंतराव उचलायचे, आणि फोन बायकोच्या कानाला लावायचे. पलीकडून नुसतं "हं" यायचं. इकडे डॉक्टर हत्यारं पुसता पुसता बोलत राहायचे. औषध, गुळण्या, तोंड उघडायचा व्यायाम. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे मला ऐकू यायचं.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं, की डॉक्टर बोलता बोलता कन्नडवर जातात. "ऊटा आतेन, अक्का?" असं विचारतात. म्हणजे, जेवण झालं का, अक्का. सुमनताईंना कन्नडचं अक्षर येत नाही. त्या आपल्या "हं" म्हणायच्या. डॉक्टरांना आपली भाषा बदलली हे कळतच नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवार. फोन लागला. डॉक्टर चिमटे पुसत होते. "ऊटा आतेन, अक्का?"

पलीकडे मागून वसंतरावांचा दबका आवाज, "म्हन की, म्हन." नंतर कळलं, कर्नाटकातल्या इंडीकडून कांदा घेऊन येणाऱ्या एका ड्रायव्हरला विचारून त्यांनी त्याचं कन्नड उत्तर पाठ करून आणलं होतं. सुमनताई अडखळत, पण स्पष्ट म्हणाल्या, "आतरी."

झालं जेवण.

डॉक्टरांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. मी काउंटरवरची वही उगाच उघडली. जरा वेळाने त्यांनी खुर्ची ओढली, फोनजवळ बसले आणि मराठीत विचारलं, "काय काय जेवलात?"

सुमनताई सावकाश सांगायला लागल्या. ज्वारीच्या कण्या, ताक, मऊ शिजवलेली मेथी. एकेक शब्दाला वेळ लागत होता. डॉक्टर शेवटपर्यंत ऐकत राहिले.